भरतकाम दरवर्षी काढता आणि दरवर्षी अर्धवटच पेटीत जातं? आधी कापडाची उलट बाजू बघा

तूर घरात आली, हरभरा निघाला, की आमच्या विदर्भात बायांच्या हाताला जरा उसंत मिळते. मग लोखंडी पेटी उघडते आणि ठेवणीतल्या लुगड्यांखालून ती प्लास्टिकची पिशवी निघते. आत एक बाजू भरलेला आणि तीन बाजू कोरा पलंगपोस, नाहीतर रुखवतासाठी सुरू केलेलं आणि ‘सुस्वा’वरच थांबलेलं तोरण. दोन-चार संध्याकाळी सुई चालते. तेवढ्यात कुरोड्या, पापड, सरगुंडे, लग्नसराई. मग वखरणी, मृग, पेरणी. पिशवी पुन्हा पेटीत. पुढच्या वर्षी परत तेच, फक्त कापडाच्या घडीवरचा पिवळा पट्टा थोडा गडद झालेला.

घरातले याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. पहाटे उठून, स्वयंपाक आटोपून निंदायला जाणारी बाई आळशी कशी? काम अडतं ते ठराविक जागी आणि ठराविक कारणानं. ते कारण तसंच ठेवून आपण दरवर्षी तिथूनच सुई घालतो, म्हणून दरवर्षी तिथेच अडतो. तेव्हा यंदा पिशवी काढली की लगेच दोरा ओवू नका. कापड उलटं करा.

उलट बाजू वाचायची कशी

सुलट बाजू पाहुण्यांसाठी असते, तिथं सगळं बरंच दिसतं. काय बिनसलं ते मागून कळतं. कापड दाराशी उजेडात धरा आणि जिथून काम सुरू झालं तिथून बोट फिरवत शेवटच्या टाक्यापर्यंत या.

सगळ्यात आधी शेवटचा दोरा कसा सुटलाय ते बघा. सुई तशीच टोचलेली आणि दोरा पाकळीच्या मध्येच लोंबतोय, तर काम कोणीतरी हाक मारल्यामुळे थांबलं. त्यात मोठं दुखणं नाही. दोरा मागच्या टाक्यांतून फिरवून नीट आटोपलेला आहे आणि पाकळी मात्र अर्धी आहे, तर तो रंग संपला होता. गाठ मारून, ओढून, कसातरी कापलेला असेल तर त्या दिवशी दोरा गुंतला होता आणि करणारी वैतागली होती. तुम्हीच केलेलं असतं, पण इतक्या वर्षांनी ते आठवत नाही. कापडाला मात्र ते सगळं लक्षात असतं.

एका काकूंचा पलंगपोस गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. मधोमध मोर, पिसारा चारी बाजूंनी पसरलेला. स्वतःच्या लग्नाआधी सुरू केलेला आणि आता पोरीचं लग्न जमत आलेलं. समोरून मोराची मान, अंग, तुरा अगदी देखणं. मागून बघितलं तर मानेपर्यंत टाके बारीक, दोरे आखूड, कुठं गाठ नाही. पिसाऱ्याचे डोळे सुरू झाले आणि मागे जाळं पडलं. प्रत्येक डोळ्यात निळा, हिरवा, सोनेरी आणि किरमिजी असे चार रंग. एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्याकडे दोरा बोटभर लांब उडी मारून गेलेला. पाचव्या-सहाव्या डोळ्यापाशी उड्या इतक्या ताणलेल्या की कापड सुरकुतलेलं. नंतर काम बंद. प्रत्येक डोळ्याला चार वेळा दोरा बदलायचा कंटाळा आला होता, म्हणून काकू दोरा न कापता पुढे नेत होत्या. त्यानं कापड गोळा होऊ लागलं, म्हणून कापड ताणून धरणारी रिंग आणखी आवळत होत्या. त्यानं ते आणखी ओढलं. “हातच बिघडला वं माहा,” असं त्या म्हणत होत्या. हात शाबूत होता. मी त्यांना चार सुया दिल्या, प्रत्येक रंगाची एक, फोमच्या तुकड्यावर टोचून. एका ओळीतल्या सगळ्या डोळ्यांचा निळा आधी, मग सगळ्यांचा हिरवा. दर डोळ्याला दोरा ओवणं बंद झालं आणि प्रत्येक डोळ्यापाशी दोरा मागच्या टाक्यांत फिरवून कापायला जीव जड होईना. लांब उड्या मागून कात्रीनं कापल्या, टोकं टाक्यांखाली दडवली, आणि कापड निम्मं तरी आपोआप सैल पडलं.

तुमच्या कापडावर मोर नसेल, पण असं एक ठिकाण असतंच. ते सापडलं की पुढचं वाचा. आपल्या कामाचं तेवढंच घ्या.

रंग संपला आणि नंबरचा कागद नाही

सर्वांत जास्त कामं इथे अडतात. सहा पदरी दोऱ्याची एक लडी साधारण 8 मीटरची असते. तीन पदर घेऊन भरीव टाका घातला तर एका मोठ्या गुलाबाला ती सहज संपते. कागदी पट्ट्यावरचा नंबर कोणी जपत नाही. मग तालुक्याच्या दुकानात जाऊन “लाल द्या” म्हणायचं आणि दुकानदारानं सात लाल समोर टाकायचे.

दोऱ्याचा तुकडा नेऊ नका, कापडच न्या. नमुना जुळवायचा तो कापडाच्या सुलट बाजूशी. मागचा रंग अजून ताजा असतो, समोरचा उडालेला असतो, आणि लोकांना दिसणार समोरचा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात आल्यावर वेगळा दिसतो, म्हणून लडी आणि कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. मोबाइलवर फोटो पाठवून तर रंग कधीच मागवू नका.

नंबर जपून ठेवला असेल तर तो कोणत्या कंपनीचा तेही बघा. प्रत्येकीचे नंबर वेगळे चालतात. अँकरचा काळा 403, तर डीएमसीचा 310. आणि एकाच नंबरच्या दोन लड्यांतही रंगाईच्या वेगवेगळ्या घाण्यामुळे किंचित फरक पडू शकतो, त्यामुळे नंबर बरोबर म्हणून निर्धास्त राहू नका.

नेमका रंग नाहीच मिळाला, तरी काम थांबवायचं कारण नाही. तीन पदरांनी भरत असाल तर सुरुवातीला जुने दोन आणि नवा एक, मग जुना एक आणि नवे दोन, मग तिन्ही नवे, असं सरकत जा. डोळ्याला सांधा लागत नाही, उलट पाकळीला छटा आल्यासारखी वाटते. त्यासाठी जुन्या रंगाचे हातभर तुकडे शिल्लक हवेत. नसतील तर एखाद्या कोपऱ्यातलं लहान फूल उसवा. उसवलेला दोरा कुरळा होतो. तो ओला करून, सरळ ताणून वाळवला की आखूड कामाला चालतो. तेही जमत नसेल तर नवा रंग एकाच फुलात घुसवू नका. समोरासमोरच्या दोन फुलांना पूर्ण नवा रंग द्या. मुद्दाम केल्यासारखं दिसतं, आणि खरंच मुद्दामच केलेलं असतं.

पेटीत राहिलेल्या जुन्या लड्या वापरण्याआधी एक पदर काढून दोन्ही हातांनी झटका द्या. कुजका असेल तर तुटेल. लड्यांना रबर लावून ठेवलं असेल तर ते उन्हाळ्यानं वितळून दोऱ्याला चिकटलेलं असतं. तेवढा भाग कापून टाका, खरवडत बसू नका.

गंज, हळद आणि इतर डाग

रिंग कापडावर तशीच ठेवून पेटी बंद केली की दोन गोष्टी होतात. गोल वण पडतो आणि स्क्रूजवळ तांबूस ठिपका येतो. वण पाण्यानं आणि इस्त्रीनं जातो. गंजाचा ठिपका इतका सोपा नाही.

आधी सुई अडकली असेल तर ती ओढू नका. गंजलेली सुई खडबडीत होते आणि ओढली की कापडाचे धागे तोडते. ज्या बाजूनं कमी कापडातून जाईल त्या बाजूनं, बोटांत हळूहळू फिरवत काढा. मग कोऱ्या पांढऱ्या सुती कापडावरच्या ठिपक्याला लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, वाळायला लागलं की पुन्हा रस, मग भरपूर पाण्यानं धुवा. जुना डाग एका वेळेत जात नाही. ठिपका रंगीत दोऱ्यावर असेल तर लिंबू लावू नका, रंग जाईल. आणि क्लोरिनवालं ब्लीच तर गंजावर कधीच नाही. त्यानं डाग जायच्या ऐवजी पक्का होतो. गेलाच नाही तर त्यावर एक पान भरा किंवा गाठीच्या टाक्यांचा छोटा घोस. जुन्या कामांतली कितीतरी एकटी फुलपाखरं अशाच डागांवर बसलेली असतात.

हळद म्हणजे आपल्या घरचा कायमचा डाग. हळदीकुंकवाला अंथरलेल्या कापडावर हमखास. साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरतो. साबणाच्या अल्कलीनं हळद लाल दिसते, एवढंच. साबण धुऊन टाका आणि ओलं कापड उन्हात घाला. हळदीचा रंग उजेडात तुटतो आणि विदर्भाच्या उन्हाइतकं औषध दुसरं नाही. फक्त भरलेल्या भागावर दुसरं जाड कापड टाकून झाका, नाहीतर हळदीबरोबर तुमचा गुलाबही फिका होईल.

घडीचे पिवळे पट्टे साध्या कोमट पाण्यात तासन्‌तास भिजवून, पाणी बदलत राहिलं तर बरेच कमी होतात. बुरशीचे काळे ठिपके आधी बाहेर अंगणात ब्रशनं कोरडे झाडा, मग धुवा. खोल गेलेले ठिपके राहतात, त्यांच्यापायी काम थांबवू नका. तेलाच्या डागाला भांड्यांचा साबण पुरतो.

रंग सुटतो का, ते आधी बघा

वरची कुठलीही धुलाई करण्यापूर्वी हे करायचंच. पांढरं ओलं फडकं कापडाच्या मागच्या बाजूनं प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे चार संशयित. फडक्याला रंग लागला तर ते कापड भिजवायचं नाही, डाग आला तर तेवढाच थेंबाथेंबानं काढायचा. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. आधीच रंगवून आलेल्या सुती दोऱ्यावर त्याचा उपयोग होत नाही.

धुताना रंग पसरलाच तर कापड वाळू देऊ नका आणि इस्त्री लावू नका. गार पाण्यात लगेच टाका, पाणी रंगीत झालं की बदला, पुन्हा टाका. ओलं आहे तोवर आशा असते.

छाप पुसली

जुन्या पद्धतीनं सुईनं टोचलेल्या कागदावरून रॉकेल आणि नीळ लावून मारलेली छाप वर्षानुवर्षं टिकते. पिवळ्या-निळ्या कार्बननं काढलेली मात्र घडी घासून उडते. मूळ कागद असेल तर भरलेल्या भागातलं एखादं टोक, देठ किंवा पानाचा शेंडा, त्याच्याशी कागद जुळवून टाचण्या लावा आणि उरलेलं पुन्हा उतरवा. कागद नसेल तर भरलेल्या बाजूवर पातळ कागद ठेवून उतरवून घ्या आणि तो उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरा. बहुतेक डिझाइनं दोन्हीकडे सारखीच असतात.

पेनांबाबत सांभाळा. पाण्यानं जाणारं निळं पेन इस्त्रीच्या उष्णतेनं पक्कं होतं, म्हणून आधी पाणी, मग इस्त्री. इस्त्रीनं गायब होणाऱ्या पेनाचं उलटं. ते उष्णतेनं जातं, आणि टिनाच्या छपराखालच्या तापलेल्या पेटीतही जाऊ शकतं. तुमची छाप ‘आपोआप’ उडाली असेल तर ते पेन आठवा. लांबणारं काम पेन्सिलीनं किंवा कार्बननंच छापलेलं बरं.

दोरा गुंततो, हाताला अडकतो

कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, एवढाच दोरा घ्या. लांब दोरा घेतला की ओवण्याचा वेळ वाचतो असं वाटतं, पण तो कापडातून जास्त वेळा जाऊन विसकटतो आणि पिळ खाऊन गाठी मारतो. सहा पदरांतून तीन एकदम ओढू नका. एकेक पदर वरून सरळ उपसायचा, मग तीन एकत्र जुळवायचे. तसं केल्यावर भरीव टाका सपाट आणि चकचकीत बसतो. अधूनमधून सुई खाली लोंबकळू द्या, पिळ आपोआप सुटतो.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. दोन-तीन पदरांना 7 किंवा 8 नंबर ठीक. मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरं दिसणाऱ्या जाड विणीच्या कापडावर, फुलीचा टाका घालत असाल तर बोथट टोकाची सुई घ्या. टोकदार सुई मॅटीचेच धागे चिरते आणि मग फुल्या वाकड्या येतात. पेटीतल्या जुन्या सुया वापरूच नका, नवी पुडी काही महाग नसते.

आता हातांचं. वेचणीच्या दिवसांत उमललेल्या बोंडाची वाळकी टोकं बोटांना लागून नखांशेजारी चिरा पडतात आणि दोऱ्याचा एकेक तंतू त्यांत अडकतो. रेशमी दोरा तर हातच लावू देत नाही. अशा वेळी खोबरेल तेलात थोडी साखर घालून बोटं चोळायची, मग साबणानं नीट धुऊन कोरडी करायची. कातडी मऊ होते आणि तेलही राहत नाही. रात्री नुसतं तेल लावून झोपणं वेगळं. तेलकट हातानं कापड धरलं तर वरचा डागांचा अध्याय पुन्हा उघडावा लागेल.

दिसत नाही, हे कोणी कबूल करत नाही

विशीत सुरू केलेलं काम पंचेचाळिशीत पूर्ण करायला बसलात तर डोळे तेच कसे असतील? चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी व्हायला लागतं. वावरातलं, रस्त्यावरचं सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून चष्म्याची गरज वाटत नाही. मग बाई म्हणते, “आता लक्षच लागत नाही.” लक्ष कसं लागणार, सुईचं टोक कुठून वर येणार तेच दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांचं नक्की कारण सापडत नाही, त्यांना मी आधी डोळे तपासून या म्हणते. त्यातल्या बऱ्याच जणींचं भरतकामाचं दुखणं तिथेच मिटलं.

उजेड डाव्या बाजूनं यायला हवा, उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळ्या किंवा मरून कापडावर काम असेल तर मांडीवर पांढरा टॉवेल टाका, कापडाची छिद्रं खालून उठून दिसतात. आणि वेळ सकाळची. संध्याकाळी वीज जाते आणि दुपारी टिनाखाली बसवत नाही. कोवळ्या उन्हात ओट्यावरची तासभराची बैठक दुपारच्या तिप्पट काम देते.

हात बदललाय

वर्षांनी टाका घातला की तो जुन्यापेक्षा घट्ट तरी येतो नाहीतर सैल. म्हणून जुन्या टाक्याला लागून लगेच सुरू करू नका. त्याच जातीच्या चिंधीवर हात बसवा. मग जुन्या कामाचे शेवटचे दोन-चार टाके उसवा, तिथून नव्यानं जोडा. सांधा एखाद्या कडेशी, पानाच्या मधल्या शिरेशी किंवा देठाच्या वळणाशी पाडता आला तर उत्तम. सपाट पाकळीच्या मध्ये तो नेहमी दिसतो.

फुलीच्या कामात आणखी एक पाहा. वरचा तिरपा टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा. जुना डावीकडून उजवीकडे आणि नवा उलट झाला, तर रंग एकच असूनही उजेड वेगळा परततो आणि लांबून ठिगळ लावल्यासारखं दिसतं. मोजताना कापडाचं एखादं घर कमी-जास्त झालं असेल तर आधी बघा की चूक पानात आहे की किनारीत. पानात असेल तर सोडा, कोणी मोजायला येत नाही. किनार मात्र उसवावीच लागते, कारण चौथ्या कोपऱ्यात ती जुळणार नाही.

आईचं किंवा सासूचं राहिलेलं काम पुरं करत असाल तर त्यांचे टाके सुधारायला जाऊ नका. तुमचा भाग तुमच्या हातानं येऊ द्या.

वाशिम-यवतमाळकडच्या तांड्यांवरच्या बायांची आरसे-कवड्यांची कामं अधूनमधून येतात, त्यात बहुतेक वेळा आरसा निखळलेला असतो. काच डिंकानं चिकटवू नका. तिच्यावरून दोन दोरे आडवे, दोन उभे घट्ट टाका, उभे दोरे आडव्यांना अडकवून घ्या, आणि मग कडेनं काजटाक्यानं ती चौकट ओढून धरा. चार दोरे जितके आत, तितकी पकड मजबूत.

राहिलंय ते फारच आहे

इथे जरा कठोर व्हावं लागतं. अख्खी चादर भरायची हे विशीतल्या पोरीनं ठरवलं होतं. तिला तेव्हा वेळ होता. आज ठरवायचं ते तुम्ही. भरीव टाक्यानं भरायची पानं नुसत्या उलट्या टिपेनं रेखली तरी शोभतात. बाहेरची दुसरी वेल सोडून दिली तर कोणाला कळणारही नाही. छाप जाणार असेल तर हरकत नाही, आणि छाप पक्की असेल तर तिच्यावरून एका रंगाचा धावदोरा घाला. पलंगपोसाचा भरलेला भाग कापून त्याच्या दोन उशांच्या खोळी करणं यात काही कमीपणा नाही. लग्न होऊन गेलं, तर ‘सुस्वागतम’ कशाला पूर्ण करता? अक्षरं उसवा आणि मधली वेल दारावर लावा.

कापडच जीर्ण झालं असेल तर दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढून बघा. कर्रकन आवाज करून विरत असेल तर त्यावर नवा टाका घालू नका. भरलेलं फूल भोवती बोटभर कापड ठेवून कापा, कडा आत दुमडा आणि नव्या केसमेंटवर, म्हणजे जाडसर सुती कापडावर, बारीक टाक्यांनी बसवा.

पूर्णच करायचं ठरलं, तर उरलेल्या भागाचे फिक्या रंगाच्या धावदोऱ्यानं चौकोन पाडा. पलंगपोसावर आठवडाभर काम केलं तरी ते समुद्रात मीठ टाकल्यासारखं कुठं दिसत नाही, आणि काम सुटण्याचं ते मोठं कारण असतं. एक चौकोन संपला की त्याचा धावदोरा काढून टाकायचा. किती गेलं, किती राहिलं ते घरातल्या पोरांनाही दिसतं. धावदोरा गडद लाल नको, त्याचा रंग उतरतो.

मृगाआधी पेटीत ठेवताना

पेरणी आली की काम थांबणार, ते काही चुकत नाही. थांबवायचं कसं, ते आपल्या हातात आहे. फूल किंवा चौकोन पुरा करून थांबा. रिंग काढा, सुई काढा. जाड कागदाच्या तुकड्याला भोकं पाडून प्रत्येक रंगाचा टीचभर दोरा बांधा, शेजारी नंबर, कंपनी, किती पदर आणि कुठला टाका हे लिहा. पुढे काय करायचं होतं तेही एका ओळीत: “डावीकडचं पान, गडद हिरवा, दोन पदर, साखळी.” कागद कापडाला टाचणीनं लावू नका, टाचणी गंजते; दोऱ्यानं शिवा. दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो घ्या.

खळ घातलेलं कापड कधीच ठेवू नका. खळीला कसर लागते आणि ती कापडासकट खाते. प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यात आतून घाम धरते, त्यापेक्षा जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा. घडी घालण्यापेक्षा गुंडाळी बरी, आणि भरलेली बाजू बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे टाके चुरगळत नाहीत. वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर कापडी पुरचुंडीत, डांबरगोळ्यांनाही तोच नियम.

झालं, आता धुवायचं

पूर्ण झालेलं काम पहिल्यांदा धुताना पाणी कोणतं आहे ते बघा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या गावांत, बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही आणि साबणाचा राखाडी साका दोऱ्यावर बसतो. पांढऱ्या कापडावर तो लगेच कळतो. बाकी जिल्ह्यांतही जड पाण्याच्या विहिरी कमी नाहीत. पावसाळा असेल तर छपरावरचं पहिल्या सरीचं पाणी वाहून जाऊ द्या आणि नंतरचं धरा. नसेल तर गावातल्या आरओचा एक जार आणा. इतकी वर्षं थांबलेल्या कामाला तेवढा खर्च जड नाही. सौम्य साबण पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, कापड नुसतं बुडवून वर-खाली करा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं वाळवा.

किंचित ओलं असतानाच जाड टॉवेलवर भरलेली बाजू खाली करून मागून इस्त्री करा. टाके टॉवेलात रुततात आणि उलटल्यावर उठून दिसतात. समोरून इस्त्री केली तर गाठीचे टाके चपटे होतात. अजून कुठे सुरकुती उरली असेल तर कापड पुन्हा ओलं करून गादीवर चारी बाजूंनी टाचण्यांनी ताणा आणि रात्रभर तसंच राहू द्या. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या, आणि सकाळी पोरांनी गादीवर उडी मारायच्या आत मोजून काढा.